नौपाड्यातील घरात बीएलडीसी पंखे : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात ठाण्यातील नौपाड्याच्या आमच्या घरातील दोन जुने पंखे काढून आम्ही बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या, डीसी विजेवर चालणाऱ्या) मोटरचे, वीजबचतीत पंचतारांकित मानांकन असलेले पंखे बसवले. जुना पंखा पूर्ण वेगाने साधारण ७५ वॅट वीज घेत असे, तर नव्याच्या खोक्यावर २८ वॅट अशी नोंद आहे. म्हणजे रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २१ युनिट वाचतात. मोटरच्या फिरत्या भागात कायमस्वरूपी चुंबक असल्याने तेथे होणारा विजेचा अपव्यय टळतो, आणि वेग कमी केला की वीजही खरोखरच कमी लागते. रात्री दुसऱ्या वेगावर पंखा इतका शांत चालतो की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

तक्रार आहे ती जोडणीची. दुकानाने पाठवलेल्या वायरमनने जुना रेग्युलेटर तसाच ठेवला, त्यामुळे आठवडाभर पंखा मध्येच थांबत होता. रेग्युलेटर काढून थेट बटणावर जोडणी केल्यावरच तो सुरळीत चालू लागला, तेव्हा खरेदीच्या वेळीच हे बजावून सांगावे. किंमत साध्या पंख्यापेक्षा जास्त आहे, तरी झोपण्याच्या खोलीसाठी मी हाच पंखा सुचवीन; क्वचित वापराच्या खोलीतला चांगला चालणारा पंखा मात्र काढू नये.