केक लावलेला राउटर: पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर

घरात 40 एमबीपीएसची एकच फायबर लाइन आणि पाच माणसं. बायकोचे ऑफिसचे व्हिडिओ कॉल, मुलाचा ऑनलाइन गेम, माझा फोटोंचा बॅकअप. बॅकअप सुरू झाला की कॉलमधला आवाज तुटायचा आणि एरवी आठ-दहा मिलिसेकंदांवर असणारं पिंग (डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) अडीचशेच्या पुढे जायचं. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणारा राउटर घेऊन त्यावर डेटाच्या रांगा सांभाळणारं एसक्यूएम पॅकेज टाकलं, रांगेसाठी केक हा अल्गोरिदम निवडला. आता बॅकअप चालू असतानाही पिंग वीसच्या आसपास राहतं. त्याच लाइनवर, त्याच पैशांत.

अडचण बफरची असते, म्हणजे डेटाची पॅकेट (तुकडे) पुढे जाण्याआधी जिथे रांगेत थांबतात त्या जागेची. भरलेला 1 एमबीचा बफर 40 एमबीपीएसवर रिकामा व्हायला 200 मिलिसेकंद लागतात, आणि कॉलचं इवलंसं पॅकेट तेवढा वेळ मागे उभं राहतं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत मांडली. त्यात रांगेची लांबी बघत नाहीत, पॅकेट किती वेळ अडकलं ते बघतात. सलग 100 मिलिसेकंद हा वेळ 5 मिलिसेकंदांच्या खाली आलाच नाही, तर पॅकेट गाळायला सुरुवात होते आणि पाठवणारा वेग कमी करतो. केकमध्ये याच विचाराची सुधारलेली आवृत्ती आहे. 2018 च्या 4.19 आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे.

पण हे चालायचं तर रांग इंटरनेट देणाऱ्याच्या यंत्रात नाही, आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे. म्हणून वेग लाइनपेक्षा थोडा कमी द्यायचा. मी अपलोड-डाउनलोड दोन्ही बाजूंना 36 दिला. एवढा वेग सोडायला अनेकांचं मन होत नाही. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त सौदा आहे. हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपकडून पुढे पाठवणं) मात्र बंद हवं, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालून निघून जातात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डिव्हाइसनिहाय समान वाटणी. त्यासाठी केकच्या सेटिंगमध्ये अपलोडला ड्युअल-एसआरसीहोस्ट, डाउनलोडला ड्युअल-डीएसटीहोस्ट लिहायचं, आणि दोन्हीकडे नॅट हा शब्द विसरू नका. तो नसेल तर केकला घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्याची दिसतात. लाइन भरली की पन्नास कनेक्शन उघडणाऱ्या टोरेंटवाल्या पीसीला आणि एकच कॉल चालवणाऱ्या लॅपटॉपला सारखाच हक्क मिळतो. कॉलला तर तेवढाही लागत नाही, त्यामुळे त्याची पॅकेट थांबतच नाहीत.

म्हणूनच ‘गेमला पहिला नंबर, यूट्यूबला तिसरा’ अशा याद्या करण्यात वेळ घालवू नका, असं मी कळकळीने सांगेन. पॅकेटांवरच्या खुणा बघून चार प्राधान्य-गट करणारं डिफसर्व्ह4 लावून कॉलच्या पॅकेटांवर ईएफ ही तातडीची खूणही करून पाहिली. अपलोडला किंचित फरक जाणवला. डाउनलोडला काहीच नाही, कारण बाहेरून येणाऱ्या पॅकेटांवरच्या खुणा वाटेतच पुसल्या जातात. तिथे आता बेस्टएफर्ट, म्हणजे सगळ्यांना एकच गट, ठेवलंय.

उणिवाही आहेत. आमच्या केबलवाल्याची लाइन रात्री नऊनंतर कधी कधी 30 वर येते. मग रांग पुन्हा त्याच्याकडे लागते आणि 36 चा आकडा निरुपयोगी ठरतो. यावर क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणारी सोय) रात्रीपुरता डाउनलोड 27 करतो. मोबाइल 5जीवर वेग सतत हलतो, तिथे केकचा वेग आपोआप बदलत राहणारी केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट लागेल. आतल्या खोलीतला कमजोर वायफाय सिग्नल यातलं काहीच सुधारत नाही. तिथे मी केबलच ओढली. आणि प्लॅन 300-500 एमबीपीएसचा असेल तर राउटरचा प्रोसेसर आधी बघा. हे सगळं काम त्याच्यावरच पडतं, जुना सिंगल-कोर राउटर तिथे पुरणार नाही.