अंगणातला ससा: पिंजरा, जाळीची खोली की रात्री घरात? नागपूरकरांसाठी तुलना

नागपुरात ससा घराबाहेर ठेवायचा म्हटलं की सगळ्यांना आधी मोकाट कुत्री आठवतात. ती भीती खरीच आहे. पण बेसा, मनीषनगरकडच्या नव्या लेआउटमध्ये शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या झुडपांतून मुंगूस येतं, महालातल्या जुन्या घरांच्या कौलांवरून बोका उतरतो, आणि अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या जंगलालगत राहणाऱ्यांना सापाचाही विचार करावा लागतो. यात मे महिन्याचं ऊनही धरा. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सशाला घाम येत नाही, अंगातली बरीचशी उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात, आणि आपल्याकडे तर तो फेब्रुवारीतच तिशी ओलांडतो.

म्हणून कुठलीही सोय निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. पहाटे कुत्रं आलं तर ती टिकेल का, आणि दुपारी तीन वाजता आत जीव तगेल का? एका परीक्षेत पास होणाऱ्या बऱ्याच सोयी दुसरीत नापास होतात.

कंपाउंडमध्ये मोकळं सोडणं

हे लवकर आटोपतो. पाच फुटांची भिंत बोक्याला काहीच नाही, गेटखालच्या फटीतून मुंगूस आरामात येतं, आणि ससा स्वतः भिंतीखालून बीळ काढून रस्त्यावर निघतो. तुम्ही खुर्ची टाकून शेजारी बसला असाल तेवढा वेळ मोकळं सोडायला हरकत नाही. ‘तो आमच्या हाकेला येतो’ या भरवशावर आत चहा ठेवायला जाऊ नका. गच्चीचंही तसंच. वर घारी आणि शिकरा, खाली तापलेला स्लॅब, आणि घाबरलेला ससा कठड्यावरून उडी घेतो.

दुकानातला तयार पिंजरा

तारेचा, खाली ट्रे असलेला पिंजरा घरात ठेवण्यासाठी बनवलेला असतो. बाहेर व्हरांड्यात ठेवला की त्याचे दोष दिसतात. वजनाला हलका असल्यामुळे कुत्र्याने दोन पंजे टेकवले की कलंडतो, आणि कलंडला की दाराची आकडी आपोआप निघते. त्याहून वाईट म्हणजे तारांमधल्या फटी. ससा घाबरला की कोपऱ्यात जाऊन जाळीला अंग चिकटवून बसतो. मग कान बाहेर येतो, एखादा पाय खालच्या फटीतून लोंबतो, आणि बोका किंवा मुंगूस आत न शिरता तेवढाच भाग धरून ओढतं. पिंजरा सकाळी जसाच्या तसा बंद असतो, आतला ससा मात्र गेलेला असतो.

लाकडी खुराड्याला षटकोनी कोंबडी जाळी लावलेली असेल तर तीही पुरेशी नाही. ती कोंबड्या आत राहाव्यात म्हणून असते, कुत्रा बाहेर राहावा म्हणून नाही. तिची तार पातळ असते, पिळ्यांवर दात लागला की सुटत जाते, आणि पावसाळ्यात गंजते. बाहेर ठेवण्यासाठी हा पर्याय मी कुणालाच सुचवणार नाही, स्वस्त असला तरी.

पक्की जाळीची खोली

अंगण स्वतःचं असेल, सावली असेल आणि एकदाच पैसे घालायची तयारी असेल तर हा खरा बाहेरचा पर्याय. माणूस वाकून आत जाऊ शकेल एवढी उंची ठेवा, साफसफाई तरच नीट होते. लोखंडी अँगलची चौकट आणि तिला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड मेश. ही जाळी इतवारीत लोहाओळीकडे हार्डवेअरच्या दुकानांत मीटरवर मिळते. फॅब्रिकेशनवाल्याला दोनदा बजावून सांगा, कारण हातात असलेली इंचभराची जाळी लावून तो मोकळा होतो. अर्ध्या इंचातून घूस येत नाही, मुंगसाचा पंजा पोचत नाही, मोठा साप शिरत नाही. सापाचं पिल्लू मात्र तरीही शिरू शकतं. त्यावर उपाय दाण्यापाशी आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. दाणा पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि उरलासुरला संध्याकाळी झाडून घ्या.

खरी मेख पायात आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत नुसते खांब रोवले तर उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते, आणि वर्षभरात चौकटीखाली हात जाईल एवढी फट पडते. कुत्रं नेमकं तिथेच उकरतं. विटांचा किंवा काँक्रीटचा जोता घेऊन चौकट त्यावर बोल्टने बसवा. ते जमत नसेल तर जाळी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरून वर फरशा दाबा. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायाशीच उकरतो, मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. आत जमिनीवर नुसती जाळी नको, सशाच्या तळपायांना जखमा होतात. शहाबादी फरशी आणि तिच्यावर वाळलेलं गवत उत्तम. एका कोपऱ्यात चारी बाजूंनी बंद लाकडी पेटी हवीच, कारण बाहेर कुत्रा दिसत राहिला तर जाळी भक्कम असूनही ससा भीतीने मरू शकतो, किंवा लाथा झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेतो.

छपराला पत्रा अजिबात नको. दुपारी त्या पत्र्याखाली हात धरून बघा, मग सांगायची गरज उरणार नाही. वरही आधी वेल्ड मेश, तिच्यावर कवेलू किंवा ताट्या, आणि शक्य असेल तर सगळंच कडुनिंबाखाली. सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडे वानरांची टोळी कवेलू सरकवते, म्हणून खालची जाळी वगळू नका. कडी वानराला उघडता येते, तिथे कुलूप घाला.

पिल्लं असतील तर पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या आंधळ्या पिल्लांना जिवंत सोडत नाहीत. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत जा, नाहीतर डास होतील.

एवढं करूनही नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ही खोली अपुरी पडते. बाहेर रात्रीही गरम हवाच असते. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या चांगल्या पावसापर्यंत दुपारी ससा आत, कूलरच्या हवेत आणावाच लागतो.

दिवसा जाळीत, रात्री घरात

बहुतेक घरांसाठी मी हाच पर्याय निवडेन. हलकी, झाकण असलेली वेल्ड मेशची चौकट हिरवळीवर किंवा फरशीवर ठेवायची. हिवाळ्यात ऊन चढल्यावर दोन-चार तास, उन्हाळ्यात फक्त सकाळी सहा ते आठ, आणि घरात कुणीतरी जागं असताना. दिवेलागणीच्या आधी ससा आत. मुंगूस दिवसाचं फिरतं, पण कुत्री आणि बोके संध्याकाळ ते पहाट या वेळात जास्त धीट होतात, आणि तेवढ्या वेळात तुमचा ससा दाराच्या आत असतो. दुकानातला तयार पिंजराही इथे उपयोगी पडतो, कारण तो आता घरात आहे. खर्च जाळीच्या खोलीच्या मानाने फारच कमी.

या सोयीचा भार माणसावर आहे. लग्नाला गेलात, यायला रात्रीचे अकरा झाले, आणि ससा अंगणातच राहिला, तर चौकट काही वाचवणार नाही. ज्या घरात संध्याकाळी रोज कुणी असेलच असं नाही, त्यांनी पक्की खोली करावी, किंवा ससा पूर्णवेळ घरात ठेवावा. घरात वायरी कुरतडण्याचा त्रास होतो, त्या उचलून पाइपात घालता येतात. शू-शीची जागा ठरवून दिली तर ससा ती बऱ्यापैकी पाळतो.

मुंगूस किंवा साप वारंवार दिसत असेल तर सापळा, विष यांच्या वाटेला जाऊ नका. दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सापासाठी सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन करा, मुंगसासाठी फट शोधून बुजवा.

आणि हल्ला झालाच तर रक्त दिसत नाही म्हणून थांबू नका. मांजराच्या दातांची जखम केसांत सापडत नाही, पण तिच्या लाळेतले जंतू आत गेलेले असतात. धक्क्याने सशाचं आतडं थांबतं. त्याचं खाणं किंवा लेंड्या बंद व्हायची वाट न बघता त्याला लगेच सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सलाच आहे. नेताना टोपलीत पातळ फडकं टाकून अंधार करा आणि उन्हाळा असेल तर कानांना ओला हात लावत राहा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.