जुनी बॉक्स्टर: इंजिन बदलायचं की बेअरिंग?

कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी गोतावळ्यात अधूनमधून कोणीतरी पोर्शे बॉक्स्टर घेतो. नवी नव्हे, पहिल्या पिढीतली, ९८६ क्रमांकाची, १९९७ ते २००४ या मॉडेल वर्षांतली. बऱ्यापैकी जुन्या कॅम्रीच्या पैशात ती मिळते, टप उघडतं, आणि पाठीमागून सहा सिलिंडरचा आवाज येतो. पुढे ओडोमीटर दीड लाख मैलांच्या पार जातो, या इंजिनाच्या एका बदनाम बेअरिंगशी जोडलेली 'आयएमएस' ही तीन अक्षरं कानावर पडतात आणि मला फोन येतो, "अरे, इंजिनच बदलून टाकू का? एकदाची कटकट जाईल."

परवाचा फोन फ्रीमाँटहून होता. गाडी १९९९ ची, २.५ लिटर, पाच गिअर, १,६२,००० मैल. पळते छान, तेल फारसं खात नाही, क्लच तेवढा जड झालाय. आणि पठ्ठ्याने जंकयार्डमध्ये २००१ च्या अपघातग्रस्त बॉक्स्टरचं २.७ लिटरचं इंजिन हेरून ठेवलंय, फक्त ७०,००० मैल चाललेलं. २०१ हॉर्सपॉवरवरून २१७ वर जाणार, मैल निम्म्याहून कमी. ऐकायला झकास. मी त्याला थांबवलं, आणि का थांबवलं ते सविस्तर लिहितो, कारण हाच हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो.

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, इंजिनाच्या पोटातला मधला शाफ्ट. क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टची) गती तो घेतो आणि साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टना) देतो. त्याचं फ्लायव्हीलकडचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचं, टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरतं. सील कडक झाली की आतलं ग्रीस धुऊन जातं, तेल आत शिरतं पण खेळतं राहत नाही, आणि गोळ्या झिजायला लागतात. बेअरिंग फुटलं की टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ) सरकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, खेळ खलास.

आता मुद्द्याची गोष्ट. १९९७ ते १९९९ च्या गाड्यांत हे बेअरिंग गोळ्यांच्या दोन ओळींचं होतं. २००० च्या सुमारास ते एका ओळीचं झालं. बदल एका दिवसात झाला नाही, त्यामुळे २०००-२००१ च्या गाड्यांत कुठलं निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या दाव्यातून पुढे आलेले आणि आजही सगळे सांगतात ते आकडे असे: एका ओळीचं बेअरिंग जाण्याचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास, दोन ओळींचं १ टक्क्याच्या आत.

म्हणजे आमचे मित्रवर्य एका टक्क्याच्या आतली गाडी उचलून बहुधा आठ टक्क्यांच्या रांगेत नेऊन उभी करणार होते, तेही पदरचे पैसे देऊन. आगीतून फुफाट्यातसुद्धा नव्हे; आग लागलेलीच नव्हती.

मैलांची भीती

ओडोमीटरवरचा मोठा आकडा या इंजिनाच्या बाबतीत उलटा वाचावा असं माझं मत आहे. रोज पळणाऱ्या, वेळेवर तेल बदललेल्या गाडीत बेअरिंगला गरम तेल मिळत राहतं. गॅरेजमध्ये कव्हरखाली झोपलेली, वर्षाला हजार मैल चालणारी, 'जपलेली' गाडी मला जास्त भीतीदायक वाटते. कंपनीने त्या काळी तेल बदलायला १५,००० मैल सांगितले होते. ते विसरा, ५,००० ला किंवा वर्षातून एकदा बदला.

भीती बाजूला ठेवून आधी तपासा. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा. चकाकणारा कीस दिसला की गंभीर, काळ्या प्लास्टिकचे तुकडे दिसले तर बहुधा साखळीला आधार देणाऱ्या पट्ट्यांचे. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडर दाब किती धरतात ते सांगणाऱ्या चाचण्या) करून घ्या. स्कॅनर लावून दोन्ही बाजूंच्या कॅमचं डेव्हिएशन, म्हणजे टायमिंग किती सरकलंय ते, बघा. आकडा स्थिर हवा, धावता नको. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून सिलिंडरच्या भिंती पाहिल्या तर उत्तम, जरी भिंती खरवडण्याचा आजार २.५ आणि २.७ मध्ये मोठ्या इंजिनांइतका आढळत नाही. हे सगळं काही शे डॉलरमध्ये होतं.

चार रस्ते

पहिला रस्ता: इंजिन तेच, बेअरिंग नवं. बेअरिंग फ्लायव्हीलच्या मागे असल्याने गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, आणि क्लच बदलायलाही तेवढीच मजुरी पडते. म्हणून क्लच जड झाला असेल तर दोन्ही एका खेपेत करावं, सोबत क्रँकची मागची सीलही. ओळखीच्या स्वतंत्र गॅरेजमध्ये इथे साधारण तीन ते साडेचार हजार डॉलर लागतात. दोन ओळींचं बेअरिंग काढायला किचकट असतं, त्यामुळे काही जुने मेकॅनिक ते चांगलं दिसलं तर फक्त बाहेरची सील काढून तेलाला वाट करून देतात. मला हा जुगाड पटतो. विमा उतरवल्यासारखी शांत झोप देणारं मात्र नवं बेअरिंग.

अट एकच: फिल्टरमध्ये धातू निघाला असेल तर हा रस्ता बंद. कीस सगळ्या इंजिनभर फिरलेला असतो, नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

दुसरा: वापरलेलं, त्याच जातीचं इंजिन. जुनं खरोखर गेलेलं असेल तरच हा विचार करावा. इंजिन साडेतीन-चार हजारांना मिळालं तरी गाडीत बसवण्याआधी त्याचं बेअरिंग, मागची सील, पाण्याचा पंप, तेल-हवा वेगळी करणारा सेपरेटर हे सगळं करून घ्यायचं. गाडीखाली शिरून तेच काम पुन्हा करणं शहाणपणाचं नाही. हिशेब नऊ ते बारा हजारांवर जातो, आणि चांगल्या ९८६ ची किंमतच आठ ते चौदा हजार.

१९९९ च्या गाडीत २.७ बसवताना आणखी एक गोची आहे. २.५ चा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पेडलच्या केबलने ओढला जातो. २००० पासून तो इलेक्ट्रॉनिक झाला, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलला. इंजिन भौतिक दृष्ट्या बसतं, पण जुनं इनटेक (हवा आत नेणारा भाग) त्याच्यावर चढवा, नाहीतर पेडलपासून वायरिंगपर्यंत सगळं उपसा. हे करणारे लोक आहेत. स्वतःच्या हाताने करत असतील तर मजा आहे. तासाला दोनशे डॉलर मोजून नाही.

तिसरा: ९११ चं, म्हणजे ९९६ चं ३.४ लिटर इंजिन. हा मोह मला कळतो. २९६ हॉर्सपॉवर, तेही सव्वातेराशे किलोच्या आत वजन असलेल्या गाडीत! १९९९ च्या, फक्त मागची दोन चाकं फिरवणाऱ्या ९११ कॅरेराचा थ्रॉटलही केबलचाच, म्हणून आमच्या मित्राच्या गाडीला तो जवळचा. ९११ मध्ये इंजिन गिअरबॉक्सच्या मागे, बॉक्स्टरमध्ये पुढे. त्यामुळे कूलंटचे पाइप आणि इतर बाहेरचे सुटे भाग बॉक्स्टरचेच घालावे लागतात. पाच गिअरच्या बॉक्सवर एवढी ताकद टाकणं मला रुचत नाही, म्हणून बॉक्स्टर एस या जास्त ताकदीच्या मॉडेलचा सहा गिअरचा बॉक्स, मग त्याचे मोठे ब्रेक. खर्च असा शेपटासारखा वाढतो. आणि आत बेअरिंग? त्याच कुळातलं. ताकद हवी म्हणून हा रस्ता धरा, निर्धास्तपणासाठी नाही. खरं तर तेवढ्यासाठी २५० हॉर्सपॉवरची तयार बॉक्स्टर एस विकत घेणं स्वस्त पडतं.

चौथा, इंजिन उघडून पूर्ण बांधणं. सिलिंडरच्या भिंती लोकासिल नावाच्या सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमच्या आहेत, साध्या लोखंडी ब्लॉकसारखं बोअर करून मोठे पिस्टन घालता येत नाहीत. नवे स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) लागतात. नावाजलेल्या ठिकाणी २०,००० डॉलरच्या पुढे. ज्याला ही गाडी मुलीच्या लग्नापर्यंत ठेवायची आहे त्याने जावं.

व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) घालणारेही आहेत. त्यांना सल्ला लागत नाही.

कागदपत्रं

महाराष्ट्रात आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो, बदलायचा तर आरटीओची मंजुरी. कॅलिफोर्नियात नोंदणी चॅसिसच्या नंबरावर चालते, त्यामुळे लोकांना वाटतं काहीही घाला. तसं नाही. दर दोन वर्षांनी स्मॉग चेक (प्रदूषणाची तपासणी) आहे. बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच्यासोबतची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी यंत्रणा जागेवर हवी, आणि वेगळ्या जातीचं इंजिन असेल तर राज्याच्या रेफ्रीकडून (स्मॉग चेकच्या खास तपासनिसाकडून) पास करून घ्यावं लागतं. २००३ ची गाडी आणि १९९९ चं इंजिन ही जोडी इथे रस्त्यावर येणार नाही.

मग काय ठरलं

मित्राने फिल्टर कापला; स्वच्छ निघाला. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं. तो पहिल्या रस्त्याने चाललाय. इंजिन बाद निघालं असतं आणि टप फाटलेलं, सस्पेन्शन खिळखिळं असतं, तर मी त्याला गाडी आहे तशी विकायला सांगितलं असतं. टप आणि बाकी गाडी नीट असती तर दुसऱ्या रस्त्याने, १९९७-९९ चं २.५ शोधून.

गॅरेजला गाडी देण्याआधी एकच प्रश्न विचारा: बेअरिंग काढताना कॅम लॉक करून साखळ्यांचे टेन्शनर (साखळ्या ताणून धरणारे भाग) सैल करता का? "तशी गरज पडत नाही" असं उत्तर आलं तर चावी परत घ्या. आणि गिअरबॉक्स खाली असताना बेअरिंगच्या उघड्या फ्लँजचा (झाकणाचा), जुन्या आणि नव्या बेअरिंगचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा पहिल्यांदा तोच मागणार आहे.