कानातली शिट्टी: गोळी घ्यावी की आवाजाने आवाज झाकावा?

कानात सतत शिट्टी वाजू लागली की पहिला प्रश्न असतो, "यावर गोळी कोणती?" खरं सांगायचं तर हा आवाज बंद करणारं खात्रीचं औषध अजून नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) सर्रास घेतली जातात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र त्यांची शिफारस करू नये असंच म्हटलंय. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यावरच्या औषधांचा उपयोग होतो, पण तो त्या त्रासासाठी. उलट ॲस्पिरिनचा मोठा डोस हीच शिट्टी सुरू करू शकतो!

दुसरा मार्ग आवाजाचा. दिवा मालवून घर शांत झालं की शिट्टी जास्तच जाणवते. तेव्हा पंखा चालू ठेवा किंवा पावसाचा आवाज हळू लावा, शिट्टी पार बुडेल इतका मोठा नको. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत खुद्द आवाज कमी करत नाही, त्याचा जाच कमी करते. वेळखाऊ आहे, पण पुरावा तिच्याच बाजूने भक्कम, म्हणून माझा कौल इकडेच.

अपवाद एक: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर पंखा-बिंखा सोडा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे स्टेरॉइड लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं.