आरओव्हीवरचा मल्टिबीम, आठ महिन्यांनंतर: सोनार उत्तम, पिंजरा वाईट

"पॅच टेस्ट पुन्हा करा." तीन आठवड्यांत सोनार कंपनीच्या सर्व्हिसकडून चार वेळा हेच उत्तर आलं. आमच्या आरओव्हीवर, म्हणजे दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्रावर, मल्टिबीम सोनार आहे: ध्वनीचे अनेक बीम पंख्यासारखे पसरून त्यांनी तळाची खोली मोजायची. पॅच टेस्ट म्हणजे त्याचं हेड नेमकं कोणत्या कोनात बसलंय ते तपासणं. आम्ही ती दोनदा केलीही. तळ तरी परातीसारखाच दिसत होता, मधे सपाट आणि दोन्ही कडा उचललेल्या. एका फेरीत मोजला जातो तो तळ म्हणजे एक पट्टी; आधीच्या पट्ट्यांवर आडवी पट्टी मारली की तिचा मधला भाग आणि आधीच्या पट्ट्यांच्या कडा यांत 12 सेंटीमीटरचा फरक.

हेड तिरकं बसलं असतं तर एक कड वर आणि दुसरी खाली गेली असती. दोन्ही सारख्याच वर येत असतील, तर संशय ध्वनिवेगावरच जायला हवा. हे सोनार विकणाऱ्यांना मी समजावून सांगायचं? फार संताप झाला.

शेवटी ध्वनिवेग मोजणारा वेगळा प्रोब त्याच खोलीवर सोडला. हेडशेजारचा ध्वनिवेगाचा सेन्सर 3 मीटर प्रतिसेकंद जास्त वेग दाखवत होता. सेन्सरभोवतीचा पिंजरा उघडून आत टॉर्च मारला, तर ध्वनी परत फिरवणाऱ्या परावर्तकावर पांढरट, खरखरीत थर. नखाने खरवडलं तरी निघेना. आरओव्ही बरेच दिवस पाण्यातच बांधून ठेवलेलं असायचं, तेव्हा तो बसला असणार.

या सेन्सरमध्ये ध्वनी 5 सेंटीमीटर जाऊन परततो आणि लागलेल्या वेळेवरून वेग निघतो. तिथे 0.1 मिलिमीटरचा कठीण थर बसला की अंतर तेवढं कमी होतं, आणि 1500 च्या आसपासचा वेग 3 ने वाढलेला दिसतो. सपाट हेड बीम याच आकड्यावर वळवतं. सरळ खालच्या दिशेपासून 60 अंशांवरचा, कडेचा बीम 0.2 अंशाने चुकतो. तळापासून 20 मीटरवर त्याचेच 12 सेंटीमीटर होतात.

पातळ व्हिनेगर आणि मऊ ब्रश, अर्धा तास. परात गेली.

त्यामुळे "बाहेरचे बीम टाकूनच द्या" असं मी सहकाऱ्यांना चार महिने सांगत होतो, ते मागे घेतो. त्यापायी पट्ट्या जवळजवळ मारल्या, दुप्पट वेळ घालवला. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

बाकी सोनारबद्दल तक्रार नाही. 3000 मीटर पाण्यावरच्या जहाजातून 1 अंशाचा बीम तळावर 50 मीटरहून मोठा ठसा उमटवतो. आमचा, 20 मीटरवरून, 35 सेंटीमीटरचा. गाळ उडून कॅमेरा आंधळा झाला तेव्हाही पाइपलाइनखालची वाळू कुठे वाहून गेली आहे ते पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. ते पाहून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता, आजही येतो. पाण्यात जीपीएस चालत नाही, म्हणून यूएसबीएल (जहाजावरून ध्वनीने जागा सांगणारं), डीव्हीएल (तळाच्या मानाने वेग मोजणारं) आणि आयएनएस (हालचालींवरून जागा काढणारं) नीट जुळवून घ्यावं लागतं. ते एकदा जमलं की त्रास नाही.

माझा राग पिंजऱ्यावरच आहे. चार बारीक स्क्रू काढल्याशिवाय आत ब्रश जात नाही, आणि ओल्या हातातून एक तरी स्क्रू डेकवर घरंगळतोच. सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खा ब्रॅकेट घ्या म्हणतात. धडधाकट ब्रॅकेट असताना दुसरा मी घेणार नाही. आता प्रत्येक डाइव्हआधी सेन्सरचा आकडा वेगळ्या प्रोबशी ताडून पाहतो आणि आरओव्ही रात्री वर काढतो. पिंजऱ्याला बिजागरी द्या, असं सर्व्हिसला फोटोंसकट लिहिलंय. दीड महिना झाला, उत्तर नाही.