जुन्या बोलेरोला आधी काय: ऑल-टेरेन टायर की लिफ्ट किट?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतीत जाण्यासाठी जुनी बोलेरो घेतलेल्या भाच्याला हा प्रश्न पडला आहे. झिजलेले टायर बदलावेच लागणार असल्याने ऑल-टेरेनचा (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हींसाठी बनवलेल्या टायरचा) खरा जादा खर्च केवळ किमतीतल्या फरकाएवढा असतो, आणि पावसाळ्यातल्या चिखलात पकड लगेच वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर आवाज थोडा वाढतो व इंधन थोडे अधिक लागते. लिफ्ट किटमुळे, म्हणजे गाडीची उंची वाढवणाऱ्या संचामुळे, गाडीचे पोट दगडांना कमी घासते, पण सस्पेन्शनच्या सांध्यांचे कोन बदलून त्यांतल्या जुन्या बुश-बॉल जॉइंटवर ताण येतो, मजुरी आणि अलाइनमेंटचा खर्च वेगळा, शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची अडचण उभी राहते. खाऱ्या हवेने चॅसिस (गाडीचा सांगाडा) गंजली असेल, तर आधी तिची डागडुजी अत्यावश्यक आहे.

चिखलाच्या वाटेला कंपनीने ठरवलेल्या मापाचे ऑल-टेरेन टायर पुरेत. पोट वारंवार घासत असेल, तरच परवानगीची खात्री करून लिफ्टचा विचार करावा.