मोबाईल स्टार्टर: रब्बी आणि उन्हाळा वापरून झाल्यावर

विहिरीवर पाच एचपीची मोटर, मळा घरापासून लांब, आणि थ्री फेज लाईट कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. म्हणून मोबाईल स्टार्टर बसवला, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारा, सिम घातलेला डबा. गहू आणि उन्हाळी भुईमूग त्याच्यावरच भिजले. नुसती मोटर चालू-बंद करायला रात्री मळ्यात जाणं थांबलं, हे खरं. पण विकणारा ॲप दाखवतो. डब्याची परीक्षा होते रेंज गेल्यावर.

आमच्याकडे मोबाईलचा टॉवर गावठाणच्या फीडरवर (विजेच्या लाईनवर), मोटर शेतीच्या. गावातली लाईट जाऊन टॉवरची बॅटरी बसली, की तिकडे मोटर चालू आणि इकडे फोनला रेंज नाही.

मिस्ड कॉलची सोय मी लगेच बंद करून टाकली. एका कॉलला चालू, पुढच्याला बंद, अशी ती चालते. मोटर उचलते, पण तसा मेसेज आपल्याला येत नाही. माणूस पुन्हा कॉल करतो आणि चालू मोटर बंद पडते. त्यापेक्षा कॉल लावून १ दाबलं की चालू, २ दाबलं की बंद, हे बरं. १ तीनदा दाबलं तरी मोटर चालूच राहते. एसएमएसचं दुखणं वेगळं. रात्री सोडलेला ‘बंद’ वाटेत अडकला आणि पहाटे पोचला. तोवर थोरल्या भावाने पाणी नव्याने धरलं होतं. शिळ्या मेसेजने त्याची मोटर बंद!

सगळ्यात कामाची सोय म्हणजे मुदत. चालू करतानाच तीन तास सांगायचे. मग रेंज असो-नसो, डबा मोटर बंद करतो. फेज गेला किंवा विहिरीने तळ गाठला तरी तसंच. आमची मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते; पाणी तुटलं की अँपिअर उतरतात आणि डबा ते जागेवरच ओळखतो. त्याचा मेसेज उशिरा आला तरी मोटरीचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) वाचलेलं असतं.

ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू, असं ठेवणार असाल तर डिले घाला, म्हणजे ती थोडी थांबून चालू होईल. लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उचलल्या तर व्होल्टेज बसतं. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणतं ते त्यामुळेच. अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर काढा. डबा टूजीवाला असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही. आणि रिचार्ज संपत आल्याचा मेसेज डब्यातल्या सिमवर येतो, तो वाचणार कोण?